कुठल्या रकान्यात

टारसनं तक्ता केला. टारस प्रत्येक गोष्टीचा तक्ता करतो;
आमच्या लग्नाचाही केला होता, मला तो नंतर सापडला.
शाळा, कर, बस, छपराचं वय,
माझ्या इस्पितळापासूनची मिनिटं, आणि उणे तीसमध्ये किती.
हेरॉन लेक्स : एकाहत्तर.
ब्रूअर स्ट्रीट : साडेसत्तर.
अर्ध्या गुणावर पंचवीस वर्षांचं कर्ज.

हेरॉन लेक्समध्ये बगळा नाही,
आणि तळं म्हणजे यंत्रांनी उकरलेला खड्डा,
काठाला एक बाक, मधे एक कारंजं.
घरं इतकी नवी की भिंतींना अजून कुणाचाच वास नाही.
माझी आई, लुझविमिंदा, तिथल्या पांढऱ्या ओट्यापाशी
हात मागे बांधून उभी राहिली. म्हणाली,
इथे मासे तळले तर घर रागावेल.

ब्रूअर स्ट्रीटवर दुतर्फा एल्म,
वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या,
काहींच्या बुंध्यावर नारिंगी ठिपका.
रोग लागलेल्या झाडाला महापालिका आधी ठिपका देते,
मग करवत.
तळघरात पंप होता. एजंटबाई म्हणाली, नुसता आपला सावधगिरी म्हणून.
मी हात लावून पाहिला.
ओला.

घर पाहावं बांधून, म्हणतात;
आम्हाला तर फक्त निवडायचं होतं,
आणि तेवढ्यातच जेवणाच्या टेबलावर
आम्ही ‘तुझं घर’, ‘माझं घर’ म्हणायला लागलो होतो.
ओलेनानं विचारलं, मग मी कुणाच्या घरात?

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
नोव्हेंबरात माझी पाळी पहाटे साडेतीनला सुटायची.
घरी जाण्याआधी मी दोन्ही गल्ल्यांत गाडी लावून बसायचे,
दिवे बंद, हीटर चालू.
रोगी झोपेत कसा श्वास घेतो त्यावरून
मला पुष्कळ कळतं. वाटलं, वस्तीचंही कळेल.

हेरॉन लेक्स निजायचं ते हिशेब चुकता केल्यासारखं.
फक्त दारावरच्या घंटेतला निळा डोळा
उघडा.

ब्रूअर स्ट्रीटवर एक म्हातारा बर्फ ओढत होता, पहाटे पाचला,
स्वतःच्या दारासमोरचा संपवून शेजारच्याच्या दारासमोरचा.
काचेवर टकटक केली त्यानं. बॅटरी गेली का? केबल आहे माझ्याकडे.
नाही म्हटलं, घर बघतेय.
त्यानं त्या घराकडे मान वळवली, मग माझ्याकडे.
एप्रिलमध्ये पाणी येतं, म्हणाला, दर एप्रिलमध्ये.
मी फ्रीसन. माझ्याकडेही येतं.
आणि पुन्हा फावडं.

हे तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं
ते मला ठरवता येईना. पाणी येतं, म्हणून गुण कमी?
की सांगणारा आहे, म्हणून जास्त?
मी ठरवेपर्यंत कुणीतरी मागणीच्या वर अकरा हजार मोजले
आणि टारसनं ती ओळ लाल केली.
त्याला वाईट वाटलं. त्यानं रंग बदलून करडा केला.

आता आम्ही बगळ्याशिवायच्या तळ्याकाठी राहतो.
तळघर कोरडं आहे. ओलेना कारंज्याला नावं ठेवते, रोज नवं.
झोपेत असले की गाडी अजून
ब्रूअर स्ट्रीटच्या वळणाकडे किंचित ओढ घेते,
आणि मी नारिंगी ठिपके मोजत नाही.

मार्चमध्ये समोरची सेनाइत आली, हातात फोन.
तुम्ही नवीन, म्हणून सांगून ठेवते.
मागे इथे एक गाडी यायची. दिवे बंद करून. तीन रात्री. बघ.
चार वाजून बारा मिनिटं. करडी गाडी.
काचेमागे एक बाई, टोपी कानांवर ओढलेली,
रिकाम्या घराकडे अशी बघतेय
जसे नातेवाईक आय.सी.यू.च्या दाराकडे बघतात.
आधी मला तिची दया आली.
मग तिची टोपी ओळखली.

पोलिसांना फोन करणार होते, सेनाइत म्हणाली,
पण वाटलं, हिचं कुठे जायचं ते ठरत नाहीये.
बसू दे बिचारीला.

मी म्हटलं, आत ये ना.
मासे तळतेय मी,
कपड्यांना वास लागेल तेवढा.